पासे कोंपोझे आणि अँपार्फे: प्रश्न लांबीचा नाही

फ्रेंच शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्या भाषेतल्या दोन भूतकाळांविषयी एक ओळ मला वर्षानुवर्षे सापडत आली आहे: ‘क्रिया छोटी असेल तर पासे कोंपोझे, लांबलेली असेल तर अँपार्फे.’ ही ओळ चुकीची आहे आणि ती आधी खोडावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पासे कोंपोझेत साहाय्यक क्रियापद म्हणून ‘आव्वार’ (जवळ असणे) कुठे आणि ‘एत्र’ (असणे) कुठे, ती यादी तुम्हाला पाठ असेलच. अँपार्फेची रूपे तर त्याहून सोपी आहेत: ती वर्तमानकाळातील ‘नू’च्या (‘आम्ही’च्या) रूपावरून बनतात आणि अपवाद एकट्या ‘एत्र’चा. खरी अडचण निवडीची आहे.

चौदावा लुई 1643 ते 1715, म्हणजे 72 वर्षे फ्रान्सच्या गादीवर होता. याहून लांबलेली क्रिया कुठून आणायची? तरीही ‘त्याने 72 वर्षे राज्य केले’ हे आजच्या बोली फ्रेंचमध्ये सांगताना ‘इल आ रेन्ये’ असा पासे कोंपोझेच येतो, कारण 72 हा आकडा उच्चारताच त्या काळाला दोन्ही बाजूंनी कुंपण पडते. ‘लुई राज्य करत होता, तेव्हा दरबार व्हर्सायला हलला’ असे म्हणताना मात्र आपण त्या काळाच्या आत उभे असतो आणि त्याचा शेवट नजरेत नसतो. म्हणून राज्य करणे अँपार्फेत जाते आणि दरबार हलणे पासे कोंपोझेत.

मराठी माणसाला हा भेद नवा नाही. ‘मी दहा वर्षे पुद्दुचेरीत राहिलो’ आणि ‘तेव्हा मी पुद्दुचेरीत राहत होतो’ यांत आपली गल्लत कधीच होत नाही. मग फ्रेंचमध्येच ती का व्हावी? कारण आपण वाक्य आधी इंग्रजीत नेतो, तिथे दोन्हीकडे ‘लिव्हड’ चालून जाते आणि हाती असलेला भेद वाटेतच पुसला जातो. मराठीतून थेट फ्रेंचमध्ये जावे, हेच मी सर्वांना सांगतो. ‘आजी रोज देवळात जाई’ हा आपला रीतिभूतकाळही सरळ अँपार्फेत बसतो. ‘माहीत होते’ म्हणजे ‘झ सावे’ आणि ‘कळले’ म्हणजे ‘झे स्यू’, इतकी ही जोडी चपखल आहे.

मराठी दगा देते ती एका ‘होतो’पाशी. ‘मी आजारी होतो, म्हणून आलो नाही’ आणि ‘मी तीन दिवस आजारी होतो’ यांत आपले क्रियापद बदलत नाही. फ्रेंचमध्ये पहिल्यासाठी ‘झेते मालाद’ आणि दुसऱ्यासाठी ‘झे एते मालाद’ लागते, कारण तीन दिवसांनी पुन्हा कुंपण घातले. कानाला हे दोन्ही इतके जवळचे आहेत की घाईत मधला ‘ए’ गिळला, तर ऐकणाऱ्यापर्यंत दुसराच काळ पोहोचतो. म्हणून ‘झे’ आणि ‘एते’ सुटे उच्चारण्याचा सराव पहिल्या आठवड्यापासून मोठ्याने करावा.