तुकडे जोडायची कोडी गणिताच्या वर्गात आली कशी?

टॅनग्रॅम म्हणजे एक चौरस कापून केलेले सात तुकडे (पाच त्रिकोण, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन) जोडून आकृत्या बनवायचं कोडं. त्याचं नाव काढलं की बरेच जण 'चार हजार वर्षं जुना चिनी खेळ' असं सांगून मोकळे होतात, पण ती कहाणी सॅम लॉइड नावाच्या अमेरिकन कोडेकाराने 1903 मध्ये रचली आणि ती अजूनही फिरतेय. टॅनग्रॅमचं आज माहीत असलेलं सर्वात जुनं चिनी पुस्तक 1813 चं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांतच युरोप-अमेरिकेत लोक या खेळाच्या नादी लागले. तुकडे जुळवायची कल्पना मात्र खरंच प्राचीन आहे, आर्किमिडीजने 14 तुकड्यांच्या चौरसावर लिहिलंय आणि तो चौरस 536 वेगवेगळ्या प्रकारे जुळतो हे कळायला 2003 साल आणि कॉम्प्युटर लागला!

शाळेत हे सगळं आलं ते लहान मुलांच्या बाजूने. जर्मनीत बालवाडी सुरू करणाऱ्या फ्रोबेलने 1837 च्या सुमारास ठोकळे, त्रिकोणी-चौकोनी चकत्या मुलांच्या हातात दिल्या. वरच्या वर्गात मात्र व्याख्या, प्रमेय, सिद्धता, बस्स. नेदरलँड्समधले शिक्षक पति-पत्नी पिअर आणि डिना व्हान हीले यांनी 1957 मध्ये मांडलं की मूल आधी आकार नुसता दिसण्यावरून ओळखतं, मग त्याचे गुणधर्म लक्षात येतात आणि सिद्धता त्याच्याही नंतर, मधल्या पायऱ्या गाळल्या तर सगळं डोक्यावरून जातं. मला वाटतं कोड्यांना वर्गात हक्काची जागा मिळायचं खरं कारण हेच, कारण ती मधली पायरी हातानेच चढता येते.

टॅनग्रॅमचंच बघा ना. मध्यम आकाराचा त्रिकोण, चौरस आणि समांतरभुज चौकोन, तिन्ही दिसायला वेगळे पण प्रत्येक दोन छोट्या त्रिकोणांनी तंतोतंत झाकला जातो, म्हणजे क्षेत्रफळ सारखंच, सूत्र न लावता. आणि आकृती अडली की बहुतेक वेळा तो समांतरभुज चौकोनच पालथा घालायचा असतो, सातांपैकी तो एकटाच नुसता फिरवून आपल्या आरशातल्या प्रतिमेवर बसत नाही, सममितीचा धडा तिथेच सुरू होतो.

पुढचा प्रश्न 'अजून किती?' असा येतो. सातही तुकडे वापरून, कुठेही आत न वळलेले असे आकार फक्त 13 होतात, हे 1942 मध्ये दोन चिनी गणितज्ञांनी सिद्ध केलं: 1 त्रिकोण, 6 चौकोन, 2 पंचकोन, 4 षटकोन. मुलांना त्रिकोण, चौरस, आयत तसे लवकर सापडतात, षटकोनांना मात्र वेळ लागतो.