केंद्रप्रमुख

महाराष्ट्रातील जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातील एक पद. जवळपासच्या साधारण दहा प्राथमिक शाळा मिळून एक केंद्र होते. त्यांतील मोठी, जाण्यायेण्याला सोयीची शाळा ती केंद्रशाळा. या शाळांमधील शिकवणे सुधारणे हे केंद्रप्रमुखाचे मुख्य काम. उतरंडीत हे पद मुख्याध्यापकाच्या वर आणि शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या खाली येते. अलीकडच्या शासकीय कागदांत ‘समूह साधन केंद्र समन्वयक’ असे नाव दिसते. विदर्भातल्या शाळांत मात्र ‘केंद्रप्रमुख’च चालते.

पदाच्या उगमाबद्दल दोन मते मांडता येतात. पहिल्यानुसार ते जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमातून (डीपीईपी) आले. १९९४ च्या सुमारास सुरू झालेल्या या कार्यक्रमात गट व समूह साधन केंद्रांची रचना होती, आणि राज्यात केंद्रप्रमुखांची ४,८६० पदे निर्माण करणारा शासन निर्णयही नोव्हेंबर १९९४ चा आहे. तारखा जुळतात खऱ्या. पण विदर्भातील बहुतेक जिल्हे त्या कार्यक्रमाबाहेर असूनही येथे केंद्रे सगळीकडे झाली. दुसरे मत मूळ कोठारी शिक्षण आयोगापर्यंत (१९६४–६६) नेते. जे. पी. नाईक सदस्य-सचिव असलेल्या या आयोगाने माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचे संकुल बांधण्याची शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात संकुलाची कल्पना पुन्हा आली आणि २०२० च्या धोरणातही ती आहे. कल्पना आयोगाची आणि सांगाडा नव्वदीतला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र आयोगाच्या संकुलात मध्यभागी हायस्कूल होते, आजच्या केंद्रात प्राथमिक शाळाच आहे. त्यामुळे सातवी झाल्यावर गावाबाहेरच्या हायस्कुलात जाणारे किंवा न जाणारे मूल दोन यंत्रणांच्या फटीत राहते.

विदर्भात या पदाआधीची परंपरा तपासणीची. मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा (स्थानिक स्वराज्य संस्था) आल्या, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. पण वर्षातून एकदा येऊन पाढे विचारणारा आणि शेरा लिहून जाणारा साहेब हेच चित्र बराच काळ टिकले. केंद्रप्रमुखाने ते बदलावे अशी अपेक्षा होती. त्याचे साधन म्हणजे शिक्षण परिषद: केंद्रातील सर्व शिक्षकांची महिन्याची बैठक.

चांगल्या परिषदेत परिपत्रके लवकर आटोपतात आणि आदर्श पाठ सुरू होतो. एखाद्या शिक्षिका तुराट्यांचे तुकडे आणतात, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधतात आणि ४२ मधून १७ वजा करताना एक गठ्ठा सर्वांसमोर सोडतात. ‘हातचा’ म्हणजे काय, हे अनेक वर्षे तो शिकवणाऱ्यालाही कधीकधी तेव्हाच उमगते. मग चर्चा होते ती पटाची. शाळा येथे उन्हामुळे जूनच्या अखेरीस, उर्वरित राज्याच्या मागाहून उघडतात. दसऱ्यानंतर कापूस फुटला की वेचणीमुळे हजेरी सैल पडते आणि धाकटे भावंड सांभाळायला मोठी बहीण घरी राहते. वरून आलेल्या वेळापत्रकात वेचणीला जागा नसते.

प्रत्यक्षात केंद्रप्रमुखाचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात जातो: यू-डायस (शाळांची सरकारी आकडेवारी), पोषण आहार, गणवेश, आधार. ‘आज दुपारी बारापर्यंत’ असा संदेश आला की शाळाभेट राहते. पदे रिक्त असल्याने एकाकडे दोन-तीन केंद्रांचा प्रभार असणे नवे नाही. शिक्षकाला शिक्षा करण्याचे अधिकार त्याच्याकडे जवळजवळ नाहीत. त्याचे वजन तो स्वतः कसा शिकवतो यावर ठरते. म्हणून नेमणूक कशी करावी हा प्रश्न वादाचा ठरला. २०२२ च्या शासन निर्णयाने निम्मी पदे पदोन्नतीने व निम्मी विभागीय परीक्षेने भरण्याचे ठरवले.

मेळघाटात (धारणी, चिखलदरा) पहिलीतील मुलाची घरची बोली कोरकू असते. ती मुंडा कुळातील, म्हणजे मराठीशी नाते नसलेली. त्यामुळे येथे परिषदेचा विषय बहुधा भाषाच असतो. गडचिरोलीतील भामरागड, एटापल्लीकडे माडिया बोलणाऱ्या आदिवासी मुलांबाबतही भाषेचा तोच प्रश्न. तेथे पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद होतो आणि परिषद पुढे ढकलावी लागते.