दाणा आवरला की पारवे आवरतात

तूर-हरभरा निघाला की तालुक्याच्या बाजार समितीत पाय ठेवायला जागा उरत नाही. शेडमध्ये ढीग, शेडबाहेर ढीग, मधून हमालांची लगबग, आणि वर टिनाच्या छताला पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांवर ओळीनं बसलेले पारवे, म्हणजे आपली नेहमीची राखाडी कबुतरं. हर्रास आटोपला, काटा झाला, पोती गाडीत चढली, की ही वरची मंडळी खाली उतरते. फाटक्या पोत्यातून गळालेल्या दाण्यांची रेघ ट्रकच्या चाकापर्यंत गेलेली असते, आणि त्या रेघेवर पारवेच पारवे. कुणाजवळ विषय काढला तर उत्तर ठरलेलं: "पाखराचं नशीब पाखराले, भाऊ. खाऊन खाऊन किती खाईन?"

हिशेब करून पाहू. एका पारव्याला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा लागतो. यार्डात तीनशे पारवे धरले तर रोजचे ९ किलो, म्हणजे वर्षाचे जवळपास ३३ क्विंटल. चार-पाच एकरांतला हरभरा झाला हा! अर्थात यातला बराच दाणा कुणाच्या पोत्यातून चोरलेला नसतो; तो आधीच मातीत सांडलेला असतो. पण तीनशे पारवे तिथं राहतात ते याच सांडलेल्या दाण्यावर. एकेक पारवा वर्षाला दहा-बारा किलो विष्ठाही टाकतो, ती खालच्या ढिगांवर पडते. जिनिंगमध्ये तर पिसं आणि घाण थेट रुईत जाते.

हा पक्षी मुळात कड्याकपारींचा. गाविलगड-नरनाळ्याच्या कड्यांसारखी जागा ही त्याची खरी वस्ती. झाडावर तो सहसा घरटं करत नाही. दगडी बांधकामाच्या जुन्या विहिरींतली भोकं त्याला कपारीसारखीच वाटली आणि पिढ्यान्‌पिढ्या तो तिथं नांदला. कवेलूच्या घरांत त्याला फारसा थारा नव्हता. मग स्लॅबची घरं आली, पाण्याच्या टाक्या, गोदामं, शाळांच्या टिनशेड आल्या, आणि कपारीच कपारी झाल्या. (पारव्यावर राग धरताना होल्याला त्यात ओढू नका. होला आपल्या काटेरी झुडपात असतो, त्याचा कुणाला त्रास नाही. आणि आपला राज्यपक्षी हरियालही याच कुळातला. तो वड-पिंपळाची फळं खातो, माणसाच्या छपराकडे ढुंकूनही पाहत नाही.)

पारव्याची वीण जोरात होते त्याचं मोठं कारण त्याच्या गळ्यात आहे. बहुतेक दाणेखाऊ पक्षी पिल्लांना किडे-अळ्या भरवतात, त्यामुळे किड्यांचा हंगाम आला तरच त्यांची वीण. पारव्याचं तसं नाही. नर आणि मादी दोघांच्याही गळ्यात दाणा साठवायची जी पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तरातून चोथापाण्यासारखा, प्रथिनांनी आणि चरबीनं भरलेला पदार्थ सुटतो. पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. माणसाच्या आईला दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक इथंही तेच काम करतं. १९३० च्या दशकात शास्त्रज्ञांनी ते ओळखलं आणि मोजलं ते पारव्याच्या याच पिशवीवरून. थोडक्यात, आईबापाला दाणा मिळाला की पिल्लाची सोय झाली, मग महिना कोणताही असो. एका वेळी दोन अंडी, सतराअठरा दिवस उबवणं, चार-पाच आठवड्यांत पिल्लं उडती. दाणा मुबलक असेल तर आधीची पिल्लं उडायच्या आत मादी पुढची अंडी घालून मोकळी होते. वर्षाला पाच-सहा विणी सहज.

म्हणूनच मारून हा पक्षी कमी होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरानं ते करून पाहिलं. १९६१ ते १९८५ या काळात तिथं सुमारे एक लाख कबुतरं मारली गेली, आणि शहरातली संख्या होती तेवढीच, वीस हजारांच्या आसपास राहिली. मेलेल्यांच्या वाट्याचा दाणा उरलेल्यांना मिळाला, रिकाम्या झालेल्या जागा जोडीला टपलेल्या तरुण पक्ष्यांनी धरल्या, एरवी उपासमारीनं मेली असती अशी पिल्लं जगली. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गोदीतही हाच अनुभव आला. ही गोदी म्हणजे जहाजातून उतरणाऱ्या धान्याचं यार्डच. पक्षी काढले की बाहेरचे येऊन बसायचे.

बाझलच्या विद्यापीठातले डॅनिएल हाग-वाकरनागेल यांनी मग १९८८ मध्ये उलट्या बाजूनं सुरुवात केली. कबुतरांना हात लावण्याआधी माणसांशी बोलायचं. भरमसाट खाऊ घातल्यानं घरट्यांत कशी गर्दी होते, पिल्लं कशी आजारी पडतात, याची चित्रं लावली. ज्यांना खाऊ घातल्याशिवाय राहवत नाही त्यांच्यासाठी ठरावीक जागा दिल्या. देखरेखीखालच्या खुराड्यांतून अंडी काढणं चालू होतंच, पण मुख्य भर खाणं कमी करण्यावर. चार वर्षांत संख्या निम्म्यावर आली.

आपल्याकडे याचा अर्थ सरळ आहे. यार्डात पारवा हटवायचं पहिलं हत्यार खराटा. काटा झाल्याबरोबर, त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत ओटा झाडून निघाला पाहिजे. मातीतला दाणा चाळून घेणाऱ्या बाया बहुतेक यार्डांत असतातच; त्यांना हटकण्याऐवजी त्यांची वेळ ठरवून दिली तर दाणाही वाचतो आणि पारव्याचं ताटही उचललं जातं. फाटकी पोती, डाळमिलच्या मागं टाकलेली चुरी, गोठ्याजवळ उघडी ढेप, शाळेच्या मागं फेकलेली पोषण आहाराची खिचडी, हे सगळं त्याच हिशेबात धरायचं. एकदम सगळं बंद करू नये. हळूहळू कमी केलं तर पक्ष्यांची वीण मंदावते, काही दुसरीकडे पांगतात, आणि पिल्लं घरट्यात उपाशी मरत नाहीत.

दाण्यानंतर जागा. कैच्यांखाली जाळी ताणायची तर घरं पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी नकोत, आणि जाळी तंग हवी. सैल, पातळ नायलॉनची जाळी म्हणजे फास. तीत पाय अडकून पक्षी लोंबत राहतो. कठड्यावर ४५ अंशांपेक्षा जास्त उताराची पट्टी बसवली की पारव्याला टेकता येत नाही. चिकट लेप मात्र लावूच नये, त्यात चिमण्याही चिकटतात. प्लास्टिकचं घुबड, चमकणाऱ्या पट्ट्या, फटाके यांना पारवा थोड्याच दिवसांत सरावतो. पुढं त्या घुबडाच्याच डोक्यावर बसलेला दिसतो. धरून पोत्यात घालून पन्नास कोसांवर सोडून येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की निरोप पोचवायला माणसानं याच पक्ष्याला निवडलं ते तो घरी परततो म्हणून. आणि विषारी दाणा? तो मैना खाते, मोर खातो, मेलेला पारवा कुत्रं खातं, गव्हाणी घुबड खातं. उंदरांचा फडशा पाडणारं घुबड गेलं तर गोदामाचं नुकसान दुप्पट.

जिथं पारवे पूर्ण हटवता येत नाहीत, तिथं अंड्यांचा उपाय आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात १९९० च्या दशकापासून तो रुजला. पक्ष्यांना एक सोयीचं खुराडं द्यायचं, त्यांनी तिथं अंडी घातली की ताजी अंडी उचलून त्याच मापाची लाकडी किंवा प्लास्टरची अंडी ठेवायची. नुसती उचलली तर मादी लवकरच पुन्हा घालते. खोटी अंडी ठेवली तर जोडी पूर्ण मुदत बसून राहते, आणि तेवढा काळ वाया जातो. अंडं चार सेंटिमीटर लांब, तीन सेंटिमीटरला थोडं कमी रुंद. गावातला सुतार एका दुपारी डझनभर कातून देईल. अट एकच, दर आठवड्याला कुणीतरी न चुकता खुराड्यात डोकावलं पाहिजे, कारण आत पिल्लू धरलेलं अंडं उचलणं नको. अधूनमधून एखाद्या जोडीला पिल्लं वाढवू द्यावीत, नाहीतर जोड्या खुराडं सोडून परत कैचीवर जातात. शाळेच्या आवारात मुलांच्या हाती नोंदवही देऊन हे चालू शकेल असं मला वाटतं. यार्डात, जिथं दर हंगामाला माणसं बदलतात, तिथं जरा अवघड.

वीण रोखणारं औषधही आहे. कोंबड्यांच्या रक्ती हगवणीवरच्या निकार्बाझिन या औषधानं अंड्यातला बलक आणि पांढरा यांमधला पडदा कमजोर होतो आणि अंडं उबत नाही. औषध थांबवलं की पक्षी पूर्ववत. बार्सिलोनात ते मक्याला चोळून देतात, तिथं उपयोगही दिसला. पण रोज, ठरावीक मापात, फक्त पारव्यांनाच मिळेल अशा बेतानं द्यावं लागतं. कोंबडीखाद्याच्या दुकानातून पुडी आणून यार्डात उधळणं हा वेडेपणा होईल.

आता कूलर. विदर्भात दिवाळीनंतर खिडकीबाहेर बंद पडलेला प्रत्येक कूलर पारव्यासाठी राखून ठेवलेली खोली असते. मार्चमध्ये आपण झाकण काढतो, वाळलेली विष्ठा आणि पिसं कोरडीच खराट्यानं झाडतो आणि बटण दाबतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ पुन्हापुन्हा श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची सूज येते, हळूहळू ती घट्ट होतात. कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप, एवढीच सुरुवातीची खूण. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरातल्या नोंदीत फुप्फुसं घट्ट होण्याच्या आजारांचे १,०८४ रुग्ण होते, त्यांतले ४७ टक्के या प्रकारच्या ॲलर्जीचे निघाले, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. तिथं दोष बुरशीचाही असतो, सगळं खापर पारव्यावर फोडता येत नाही. पण ओलसर गवताची बुरशी आणि वर घरटं, दोन्ही एकाच खोक्यात कशाला? घाण आधी पाण्यानं भिजवावी, तोंडाला मास्क बांधावा, मगच खरवडावी. हिवाळ्यात कूलर झाकून ठेवावा. आत पिल्लं असतील तर महिनाभर थांबावं. ती उडाली की लगेच जाळी लावावी, कारण मादी पुढच्या अंड्यांच्या तयारीत असते.

राहिला प्रश्न देवळासमोरच्या दाण्याचा. मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. गावात तसं होऊ द्यायचं नसेल तर बंदीपासून सुरुवात करू नये. एक ओटा ठरवावा, सकाळची एक वेळ ठरवावी, पंधरा मिनिटांत संपेल एवढाच दाणा टाकावा आणि उरलेला झाडून घ्यावा. दाणा घालणाऱ्या आजींना कुणी पाप लावत नाही, आणि दुपारी शाळेच्या छतावर बसून राहायचं पारव्यांना कारणही उरत नाही.

फरक लगेच दिसत नाही. महिन्यातून एकदा, दिवेलागणीला, पारवे कैचीवर परतल्यावर मोजावेत, दर वेळी त्याच जागेवरून. तूर-हरभऱ्याच्या हंगामात आकडा चढणारच, म्हणून मार्चची तुलना पुढच्या मार्चशी करावी, जूनशी नाही.