एचडी रेकॉर्डिंगची फाइल छोटी करताना नेमकं काय होतं

टीव्हीवर दशावताराचं नाटक लागलं की आपल्याकडे ते कुणीतरी रेकॉर्ड करतंच, आणि मग मुंबईचे चाकरमानी फोन करतात, आम्हाला पण पाठव. तीन तासांचं एचडी रेकॉर्डिंग म्हणजे आरामात 10-11 जीबी, आणि वेंगुर्ल्याच्या आतल्या गावातून, जिथे रेंज येते नि जाते, तिथून एवढं पाठवणार कसं? मग लोक झिप करून बघतात आणि साइज जवळजवळ हलतच नाही, कारण ती फाइल आधीच पिळून काढलेली, म्हणजे कॉम्प्रेस केलेली असते.

किती पिळलेली ते बघा. एचडीची एक फ्रेम 1920 बाय 1080, म्हणजे 20 लाखांवर पिक्सेल, आणि अशा सेकंदाला 25 फ्रेम. रंगांची माहिती टीव्हीच्या पद्धतीने कमी ठेवली तरी न पिळता सेकंदाला 78 एमबी होतात, तासाला 280 जीबी! तोच तास चॅनलवरून सेकंदाला 8 मेगाबिटने, म्हणजे 1 एमबीने, आला तर 3.6 जीबीत मावतो.

हे जमतं कारण बहुतेक फ्रेम आधीच्या फ्रेमसारख्याच असतात. दशावतारात राजा बाकड्यावर बसून बोलतोय, मागे पडदा. पडदा हलत नाही, म्हणून एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ पिळणारा प्रोग्रॅम, त्या भागासाठी फक्त 'मागचंच वापर' एवढंच लिहितो, आणि राजाने तलवार उचलली की चित्राचा तो चौकोनी तुकडा कुठून कुठे सरकला तेवढं लिहितो. आता याच्यासमोर तारकर्लीच्या लाटांचा शॉट ठेवा. फेस प्रत्येक क्षणी नवा, मागच्या फ्रेममध्ये त्याच्यासारखा तुकडाच सापडत नाही, त्यामुळे जवळजवळ सगळं नव्याने लिहावं लागतं. पावसाची झड, वाऱ्यात हलणारी माडाची झापं, यांचंही तेच. फाइल किती मोठी होणार हे नुसत्या मिनिटांवर नाही, चित्रात दर क्षणाला नवीन किती येतंय त्यावर ठरतं.

जे नवं लिहायचं तेही आहे तसं लिहीत नाहीत. तुकड्यातले मोठे चढउतार आणि बारीक चढउतार गणिताने वेगळे करतात, आणि डोळ्याला फारसे न कळणारे बारीक आकडे ढोबळ करून टाकतात. हे गणित म्हणजे डीसीटी, आणि ते मांडलं बंगळूरला जन्मलेल्या नासिर अहमद यांनी, टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत, 1974 साली. आज आपल्या फोनमधल्या जेपीजी फोटोंमागे पण तेच आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे शाळेत सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

मग आधीच पिळलेली फाइल अजून छोटी कशी होते? कारण चॅनलला घाई असते. त्यांचा एन्कोडर लाइव्ह चालतो, प्रत्येक फ्रेमला विचार करायला क्षणभरच मिळतो, शिवाय चॅनल बदलल्यावर चित्र लगेच दिसावं म्हणून सेकंदा-अर्ध्या सेकंदाला एक पूर्ण फ्रेम, मागच्या फ्रेमचा आधार न घेणारी, पाठवावी लागते. आपल्या पीसीला अशी घाई नाही, रात्रभर चालू दे, पूर्ण फ्रेम 10 सेकंदांनी आली तरी काही बिघडत नाही. त्यात व्हिडिओ पिळायची 2013 ची पद्धत एचईव्हीसी वापरली तर 2003 ची पद्धत एच.264 च्या साधारण अर्ध्या जागेत तेवढीच क्वालिटी मिळावी असं तिचं ध्येयच होतं, फक्त जुन्या टीव्हीला पेनड्राइव्ह लावून बघणार असाल तर एच.264 च ठेवा, नाहीतर पाठवलेलं चालणारच नाही.

हँडब्रेक या व्हिडिओ छोटा करणाऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये करताना 'फाइल अमुक एमबीची कर' असं सांगू नका. क्वालिटीचा आकडा द्या, त्याला सीआरएफ म्हणतात, आकडा कमी तेवढं चित्र चांगलं. एक्स264 ला, म्हणजे त्यातल्या एच.264 च्या एन्कोडरला, मी 20-21 ठेवतो. मग पडद्यासमोरच्या संवादाला थोडी जागा लागते आणि युद्धाच्या नाचाला जास्त, आणि ज्याला जेवढी हवी तेवढी मिळते. साइज फिक्स केली तर नेमका तो नाचच चौकोन चौकोन होऊन फुटतो. रिझोल्युशन शेवटी कमी करा, आणि आवाजाला हात लावू नका, पायपेटी-मृदंग सगळा मिळून फाइलमध्ये अगदी थोडी जागा घेतो.

जाहिराती मात्र आधी कापा. नियमाने तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, म्हणजे पाचवा हिस्सा तिथेच गेला, आणि पूर्ण फ्रेमवर कापलं तर परत एन्कोड न करता, चित्राला धक्का न लागता.

अजून एक, बरेचसे एचडी चॅनल इंटरलेस्ड असतात, सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणांच्या. त्यामुळे पीसीवर फ्रेम थांबवली की फिरत्या तलवारीची कड फणीच्या दातांसारखी दिसते. डीइंटरलेस न करता, म्हणजे त्या ओळी जुळवून सलग फ्रेम न बनवता, साधं एन्कोड केलं तर ते दात फाइलमध्ये कायमचे बसतात आणि ते साठवायला जागाही जास्त लागते. पिळलेलं परत पिळताना थोडं काहीतरी जातंच, गेलेलं परत येत नाही, म्हणून ओरिजिनल लगेच डिलीट करू नका, आधी नवीन फाइलमध्ये अंधारातला पडदा आणि सगळ्यात जोरात नाचाची दोन मिनिटं मोठ्या स्क्रीनवर लावून बघा.