पब सुटल्यानंतरचा टीव्ही आणि ग्रॅहम नॉर्टन

एकाच सोफ्यावर ओळीने बसलेले हॉलिवूडचे तारे आणि त्यांना बोलतं करणारा ग्रॅहम नॉर्टन, या क्लिपा यूट्यूबवर आपल्याकडेही चवीने पाहिल्या जातात. पण हा माणूस घडला तो ब्रिटिश टीव्हीच्या रात्री उशिराच्या वेळेत. ती वेळ कशी तयार झाली, हे कळल्याशिवाय त्याचं कसब पुरतं कळत नाही.

चॅनल 4 सुरू झालं 2 नोव्हेंबर 1982 रोजी. वेगळं काही करून पाहणं ही त्याची हौस नव्हती, कायद्यानेच घातलेली अट होती. रात्री नऊनंतर प्रौढांसाठीचा मजकूर दाखवायला मुभा होती. त्यातच तेव्हाच्या नियमांमुळे इंग्लंडमधले बहुतेक पब अकराला दार लावत. पबमधून घरी आलेली, झोपायची घाई नसलेली तरुण मंडळी हा या वाहिनीचा हक्काचा प्रेक्षक झाला. 1987 मध्ये जोनाथन रॉसचा 'द लास्ट रिसॉर्ट' आला, 1989 मध्ये बॅरिस्टरी केलेल्या क्लाइव्ह अँडरसनचा गप्पांचा कार्यक्रम, आणि 1990 पासून पाच वर्षं 'द वर्ड' या तरुणांसाठीच्या कार्यक्रमाचा धुडगूस.

नॉर्टन डब्लिनजवळ 1963 मध्ये जन्मला, वाढला कॉर्क परगण्यातल्या बँडन गावात. आडनाव खरं तर वॉकर, पण नटांच्या संघटनेत त्या नावाचा दुसरा सभासद आधीच होता. लंडनला अभिनय शिकून तो विनोदाकडे वळला. 1992 च्या एडिनबरा फ्रिंज या नाट्य-विनोद महोत्सवात डोक्यावर भांडी पुसायचं फडकं घेऊन त्याने मदर तेरेसा रंगवल्या. पुढे 'फादर टेड' या विनोदी मालिकेतल्या बडबड्या फादर नोएल फर्लाँगमुळे लोक त्याला ओळखू लागले.

कलाटणी मिळाली 1997 मध्ये. नव्या चॅनल 5 वर जॅक डॉकर्टीचा रोज रात्रीचा शो होता आणि डॉकर्टी रजेवर गेला की नॉर्टन त्याच्या जागी बसे. त्या वर्षी ब्रिटिश कॉमेडी अवॉर्डचं नवोदिताचं पारितोषिक या बदली माणसाला मिळालं, आणि त्याच गटात खुद्द डॉकर्टीचंही नामांकन होतं!

1998 च्या जुलैमध्ये चॅनल 4 वर 'सो ग्रॅहम नॉर्टन' सुरू झाला. त्याची खरी गंमत पाहुण्यांइतकीच अनोळखी माणसांत होती. नॉर्टन प्रेक्षकांत शिरून कुणाकडून तरी लाजिरवाणा किस्सा काढून घेई. मग पाहुण्याला शेजारी बसवून इंटरनेटवरच्या चित्रविचित्र साइट्स उघडी आणि तिथल्या माणसाला थेट फोन लावी. घराघरांत इंटरनेट नुकतंच येत होतं, त्यामुळे ही भटकंती प्रेक्षकालाही नवीन होती. समोरच्याचा छंद कितीही विक्षिप्त असो, नॉर्टनला त्याच्याबद्दल मनापासून कुतूहल वाटतंय हे आवाजातून कळे. माझ्या मते त्याचं सगळं यश या कुतूहलावर उभं आहे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. शाळांसह स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा 'प्रचार' करायला बंदी घालणारं कलम 28 तेव्हा लागू होतं. इंग्लंडमध्ये ते 2003 मध्ये रद्द झालं. त्याच काळात एक उघडपणे समलिंगी माणूस दर शुक्रवारी लोकांच्या दिवाणखान्यात येत होता आणि स्वतःबद्दल जराही आडपडदा ठेवत नव्हता. घरी काहीच बोलू न शकणाऱ्या समलिंगी किशोरवयीन मुलांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

2002 मध्ये शो आठवड्यातून पाच रात्री 'व्ही ग्रॅहम नॉर्टन' या नावाने होऊ लागला आणि पुढच्या वर्षअखेर थांबला. मग अमेरिकेत एक छोटी खेप करून तो बीबीसीकडे आला. 'द ग्रॅहम नॉर्टन शो' फेब्रुवारी 2007 मध्ये बीबीसी टूवर सुरू झाला आणि 2009 मध्ये बीबीसी वनवर गेला. त्याच वर्षी टेरी वोगन यांच्या जागी युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेचं समालोचनही त्याच्याकडे आलं.

पाहुणे मोठे झाले, वाहिनी सभ्य झाली, तरी अनोळखी माणूस शोमधून गेला नाही. प्रेक्षकांतला कुणीतरी लाल खुर्चीत बसून आपला किस्सा सांगतो. रंगला तर उठून चालत जातो. कंटाळवाणा वाटला तर नॉर्टन किंवा एखादा पाहुणा खटका ओढतो आणि खुर्ची मागे उलटते.