समुद्रात परक्या देशाच्या गोळीबारात खलाशी गेला तर: गुन्हा, मदतीचे अर्ज आणि कागदपत्रं

6 नोव्हेंबर 2021 रोजी गुजरातच्या किनाऱ्याबाहेर 'जलपरी' या मासेमारी बोटीवर पाकिस्तानच्या मेरिटाइम सिक्युरिटी एजन्सीने गोळीबार केला. बोटीवर सात जण होते. पालघर जिल्ह्यातल्या वडराईचा एक खलाशी त्यात गेला, आणखी एक जण जखमी झाला. पोरबंदर जिल्ह्यातल्या नवी बंदर पोलिसांनी एजन्सीच्या दहा जणांवर खून आणि खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा नोंदवला. 8 नोव्हेंबरला परराष्ट्र मंत्रालयाने पाकिस्तानी उच्चायुक्तालयातल्या अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला.

सरकारी पातळीवर हे झटपट झालं. पण घरातला कमावता माणूस असा गेला की मागे राहिलेल्यांनी कुठे जायचं, हे कुणी एका जागी सांगत नाही. पालघर-डहाणूकडचे अनेक खलाशी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात. घर महाराष्ट्रात आणि गुन्हा गुजरातमध्ये, त्यामुळे कागद दोन राज्यांत फिरतात.

सगळ्यात आधी: घटना नेमकी कुठे घडली

किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे साधारण 22 किलोमीटरपर्यंत, भारताची सागरी हद्द. त्यापुढे 200 मैलांपर्यंत मासेमारीचा हक्क आपला, पण ती पूर्ण अर्थाने हद्द नव्हे. जलपरीचा गुन्हा नवी बंदरला नोंदला गेला, कारण गुजरातसमोर 12 मैलांपलीकडे घडलेल्या घटना त्या ठाण्याकडे येतात. कोणतं ठाणं, कोणती योजना, हे सगळं या एका आकड्यावर फिरतं. म्हणून तांडेलाने (बोटीच्या प्रमुखाने) जीपीएसमधली जागा आणि वेळ लगेच कागदावर उतरवावी, पडद्याचा फोटो काढावा. केबिनला गोळ्यांची भोकं पडली असतील तर पंचनामा होईपर्यंत ती बुजवू नयेत. मालकाला बोट पुन्हा पाण्यात घालायची घाई असते, ते समजतं. पण ती भोकं हाच पुरावा असतो.

गुन्हा आणि मृत्यूची नोंद

हद्दीचं कारण सांगून ठाणं नोंद टाळू शकत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे वर्ग होते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते. फिर्याद बहुधा तांडेल किंवा मालक देतो, तेव्हा घरच्यांनी आपली वेगळी प्रत मागून घ्यावी. इन्क्वेस्ट पंचनामा (पोलिसांनी केलेला मृतदेहाचा पंचनामा) आणि शवविच्छेदन अहवाल याच फेरीत मिळवलेले बरे. मृतदेह घेऊन गावी परतल्यावर एका कागदासाठी पुन्हा ओख्याला जाणं फार जड जातं.

मृत्यूच्या दाखल्यासाठी अनेक जण आधी स्वतःच्या ग्रामपंचायतीत जातात. तिथे तो मिळणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणी घटनेच्या ठिकाणी होते, आणि चालत्या बोटीवरचा मृत्यू ती पहिल्यांदा जिथे थांबली त्या ठिकाणच्या निबंधकाकडे नोंदवतात. 21 दिवसांच्या आत नोंद केली तर शुल्क नाही.

पैशाची मदत: तीन दारं

पहिलं दार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या योजनेचं. दहशतवादी, जातीय आणि नक्षलवादी हिंसाचारातल्या नागरिकांसाठी ती 2008 पासून आहे. 2016 मध्ये तीत सीमेपलीकडचा गोळीबार आणि सुरुंगस्फोट आले आणि रक्कम 3 लाखांवरून 5 लाख झाली. मृत्यू किंवा 50 टक्के व त्याहून जास्त कायमचं अपंगत्व ही अट आहे. त्या मृत्यूपोटी राज्याने घरात सरकारी नोकरी दिली असेल तर ही रक्कम मिळत नाही. छाननी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती करते, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातच द्यायचा. मूळ नियमांत रक्कम हातात न देता तीन वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवून तिमाही व्याज खात्यावर देण्याची तरतूद होती, तेव्हा पैसे कसे मिळणार हे आधीच विचारून घ्या.

अडचण अशी की ही योजना 'भारतीय भूमीवरच्या' घटनांसाठी आहे. काश्मीरच्या सीमेवरच्या पूंछमध्ये घरावर तोफगोळा पडला तर प्रश्नच नाही. 12 मैलांपलीकडच्या बोटीचं तसं गृहीत धरू नका. तरीही अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि नकार आला तर कारणासह लेखी मागावा.

दुसरं दार विम्याचं. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालच्या सामूहिक अपघात विम्यात 18 ते 70 वयाच्या नोंदणीकृत मच्छीमाराच्या मृत्यूला 5 लाख मिळतात, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. हप्ता सरकार भरतं. दावा मत्स्यव्यवसाय विभागामार्फत जातो. खलाशाची नोंद पालघरची की गुजरातची, हे आधी शोधा. दोन्हीकडे नाव नसेल तर दावा तिथेच अडकतो.

तिसऱ्या दाराकडे फारसं कुणी फिरकत नाही, आणि माझ्या मते तेच सगळ्यात उपयोगी आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 396 (जुन्या संहितेत 357अ) सांगतं की आरोपी सापडला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही, पण पीडित कोण ते माहीत आहे आणि खटला उभाच राहत नाही, तरीही पीडित किंवा त्याच्यावर अवलंबून असलेले लोक विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाई मागू शकतात. परक्या देशाचा जवान आपल्या कोर्टात येणार नाही, हे उघड आहे. हे कलम नेमकं अशाच प्रसंगाला लागू पडतं. प्राधिकरणाने दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. गुन्हा जिथे नोंदला त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणाकडे अर्ज करा. तिथे वकीलही मोफत मिळतो.

फाईलमध्ये काय हवं

- एफआयआर, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला
- मृताचं आधार आणि मच्छीमाराचं बायोमेट्रिक कार्ड
- बोटीचं नोंदणीपत्र, मासेमारी परवाना आणि त्या फेरीचं टोकन
- रेशनकार्ड, तहसील कार्यालयाचा वारसांचा दाखला, वारसाचं आधार आणि बँक पासबुक
- जखमी असेल तर डिस्चार्ज कार्ड आणि जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र

यातलं टोकन मोलाचं. बंदर सोडताना बोटीवर कोण कोण होतं याची सरकारी नोंद तीच. नाव 'रमेश'ऐवजी 'रामेश' असं पडलं असेल तर तेव्हाच दुरुस्त करून घ्या. विमा कंपनी किंवा बँक कोर्टाचं वारस प्रमाणपत्रही मागू शकते. त्याला वेळ लागतो, तो अर्ज वेगळा चालू ठेवावा.

दुसऱ्या देशाकडून भरपाई

हे कुटुंबाच्या हातात नाही. एका देशाविरुद्ध दावा दुसरा देशच करतो. 2012 मध्ये केरळसमोर इटलीच्या नौसैनिकांनी दोन मच्छीमार मारले, तेव्हा प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं. 2020 च्या निकालात नौसैनिकांवर खटला चालवण्याचा हक्क भारताला नाकारला गेला, भरपाईचा मान्य झाला. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 कोटींचं वाटप ठरवलं: मृतांच्या वारसांना प्रत्येकी 4 कोटी, बोटमालकाला 2 कोटी. पाकिस्तानच्या बाबतीत अशी आशा ठेवू नये. 1999 मध्ये भारताने पाडलेल्या आपल्या विमानाबद्दल पाकिस्तान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला होता, आणि हा खटला ऐकण्याचा आपल्याला अधिकारच नाही असं त्या न्यायालयाने 2000 मध्ये सांगितलं.

मृतदेह किंवा बाकीचे खलाशी पलीकडे नेले गेले असतील तर मात्र परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक मत्स्यव्यवसाय कार्यालयात द्या. 2008 च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या याद्या देतात, त्यात मच्छीमारांची वेगळी यादी असते. आपल्या माणसाचं नाव तीत आलं का, हे त्या तारखांनंतर लगेच विचारा.