नक्की काय मोजलं होतं? मानसशास्त्रातल्या नेहमीच्या शब्दांबद्दल थोडंसं

"माणूस २४ तासांत दोन तृतीयांश गोष्टी विसरतो" असं सांगणारा उतरता ग्राफ तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असणार, कुणाच्या ट्रेनिंगच्या स्लाइडमध्ये नाहीतर अभ्यास कसा करावा हे सांगणाऱ्या एखाद्या रीलमध्ये. ग्राफ खोटा नाहीये. त्यामागचे आकडे हर्मन एबिंगहाऊस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये छापले आणि ते साधारण तसेच आहेत. पण ग्राफमध्ये जे मोजलंय आणि वरच्या वाक्यात जे सांगितलंय, त्यात बरंच अंतर आहे.

एबिंगहाऊसने प्रयोग केला तो फक्त स्वतःवर. काहीही अर्थ नसलेले तीन-तीन अक्षरांचे गट त्याने बनवले, त्यांच्या याद्या केल्या, आणि न चुकता म्हणता येईपर्यंत त्या घोकल्या. मग काही वेळ जाऊ दिला आणि तीच यादी परत पाठ केली. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा किती वेळ वाचला, ते त्याने मोजलं. २० मिनिटांनी साधारण ५८ टक्के वेळ वाचला, एका दिवसाने ३४ टक्के, महिन्याभराने २१ टक्के. म्हणजे हा ग्राफ "किती आठवतंय" याचा नाहीच, "परत शिकताना किती कष्ट वाचले" याचा आहे, आणि तोसुद्धा एका माणसाचा, निरर्थक अक्षरांसाठीचा. तुम्हाला आवडलेल्या गोष्टीचं कथानक किंवा काल झालेलं भांडण या हिशोबाने विसरलं जात नाही, हे तर आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. तरी एक गोष्ट त्यातून छान कळते, की अजिबात काही आठवत नसलं तरी मेंदूत काहीतरी उरलेलं असतं आणि ते परत शिकताना कामाला येतं.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचं पुस्तक उघडलं की शब्दांचा नुसता पाऊस पडतो, कंडिशनिंग, रीइन्फोर्समेंट, शॉर्ट टर्म मेमरी, बायस, अमुक इफेक्ट, तमुक इफेक्ट, आणि मुलं व्याख्या पाठ करून मोकळी होतात. माझं मत विचाराल तर व्याख्या नंतर, आधी विचारायचं की बाबा हे मोजलं कसं? मन काही वजनकाट्यावर ठेवता येत नाही. भीती, लक्ष, स्मृती असलं काहीही अभ्यासायचं तर आधी ठरवावं लागतं की भीती म्हणजे मी इथे नाडीचे ठोके धरणार की प्रश्नावलीतले गुण की माणूस किती पावलं मागे सरकला ते. याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात, पाठ्यपुस्तकात हा भाग पहिल्याच प्रकरणात येतो आणि सगळ्यात आधी विसरला जातो.

पावलॉव्हचं घ्या. कुत्रा, घंटा, लाळ, झालं. पण इव्हान पावलॉव्ह मुळात पचनावर काम करणारा शरीरशास्त्रज्ञ होता, १९०४ चं नोबेलही त्याला पचनाच्या कामासाठीच मिळालं. कुत्र्याच्या गालाला छोटी शस्त्रक्रिया करून लाळ बाहेर एका नळीत गोळा व्हायची, त्यामुळे ती अगदी थेंब मोजून सांगता यायची. आणि मोजताना दिसलं की खाणं तोंडात पडायच्या आधीच, नुसत्या चाहुलीनेच लाळ सुटतेय. मग त्याने मेट्रोनोमसारखे (म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणाऱ्या यंत्रासारखे) आवाज वापरून पद्धतशीर प्रयोग केले. आवाज, मग अन्न, आवाज, मग अन्न, असं बऱ्याचदा झालं की नुसत्या आवाजाने लाळ येते. हे क्लासिकल कंडिशनिंग, आपल्या पुस्तकात अभिजात अभिसंधान.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. खरी गंमत पुढे आहे. आता आवाज द्यायचा पण अन्न द्यायचंच नाही. लाळ कमी कमी होत जाते आणि शेवटी थांबते, याला विलोपन म्हणतात. वाटेल की झालं, कुत्रा विसरला. पण थोडी विश्रांती देऊन परत आवाज दिला तर लाळ पुन्हा येते! पहिल्याइतकी नाही, पण येते. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्याच्यावर "आता अन्न येत नाही" असं नवं शिकणं चढलं होतं. भीती घालवायच्या थेरपीत हे फार कामाचं आहे, कारण लिफ्टची भीती गेलेल्या माणसाला सहा महिन्यांनी वेगळ्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये परत धडधडलं तर थेरपी फेल गेली असं नसतं, असं होणं अपेक्षितच असतं आणि म्हणूनच चांगले थेरपिस्ट सराव वेगवेगळ्या ठिकाणी करून घेतात.

(१९२० चा तो प्रसिद्ध "लिटल अल्बर्ट"चा प्रयोग, पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी सळईवर हातोडा आपटायचा आणि बाळाला घाबरवायचं, तो मात्र एकाच बाळावर झाला होता आणि बाळ किती घाबरलं हे बघणाऱ्यांनी बघून ठरवलेलं. आज कुठलीही एथिक्स कमिटी याला उभं करणार नाही. त्यावर जेवढं लिहिलं जातं तेवढं वजन त्या प्रयोगात नाही असं मला वाटतं.)

आता सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जाणारा शब्द, निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. नव्वद टक्के वेळा लोक तो शिक्षा या अर्थाने वापरतात, शिकलेसवरलेले लोक पण. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीत दोनच प्रश्न आहेत. एक, वागणं झाल्यावर काही दिलं गेलं की काढून घेतलं गेलं? दिलं तर पॉझिटिव्ह, काढलं तर निगेटिव्ह, अधिक-वजा इतकाच अर्थ, चांगलं-वाईट नाही. दोन, त्यानंतर ते वागणं वाढलं की कमी झालं? वाढलं तर रीइन्फोर्समेंट, कमी झालं तर पनिशमेंट. बस्स. गाडीत बसल्यावर सीट बेल्ट लावेपर्यंत ती पीं पीं चालू असते ना, बेल्ट लावला की बंद होते, म्हणून आपण पटकन बेल्ट लावायला लागतो. नकोसं काढून घेतलं आणि वागणं वाढलं, हे झालं निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट. यात कुणी कुणाला शिक्षा केलेली नाही.

बघा, इथे पण मोजमापच आहे. तुम्हाला बक्षीस वाटतंय म्हणून ते रीइन्फोर्समेंट होत नाही. वर्गात मस्ती करणाऱ्या पोराला शिक्षक दर वेळी सगळ्यांसमोर ओरडतात आणि मस्ती वाढतच जाते, तर शिक्षकांच्या मनात ती शिक्षा असली तरी हिशोबाने ते रीइन्फोर्समेंट आहे, कारण पोराला पाहिजे ते लक्ष मिळतंय. हेतू काय होता हे इथे कुणी विचारतच नाही.

आणि एकाच प्रसंगात दोन माणसं एकमेकांना शिकवत असतात, हे तर फार बघण्यासारखं असतं. लहान मूल दुकानात आडवं पडून किंचाळतंय, आई आधी नाही म्हणते, मग लोक बघायला लागतात, शेवटी ती फोन त्याच्या हातात देते आणि शांतता. मुलाकडून बघितलं तर किंचाळलं आणि फोन मिळाला, पॉझिटिव्ह रीइन्फोर्समेंट, पुढच्या वेळी किंचाळणं नक्की. आईकडून बघितलं तर फोन दिला आणि किंचाळणं थांबलं, निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट, पुढच्या वेळी फोन लवकर. दोघांपैकी कुणीच मुद्दाम काही करत नाहीये. आणि आई जर कधी देते, कधी नाही देत, तर अजून पंचाईत, कारण अधूनमधून आणि अंदाज न येता मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सगळ्यात चिवट असते, हे स्किनरने उंदीर आणि कबुतरांवर वर्षानुवर्षं तपासलंय. दर वेळी मिळणारं अचानक बंद झालं तर प्राणी लवकर सोडून देतो, कधीतरीच मिळत असेल तर तो बटण दाबतच राहतो. आपण फोनची स्क्रीन खाली ओढून रिफ्रेश करतो तेव्हा आपलं पण साधारण तेच चाललेलं असतं.

काळजी किंवा अँग्झायटीत टाळाटाळ का वाढत जाते तेही इथूनच कळतं. एक अवघड फोन करायचाय, पोटात गोळा आलाय, "उद्या करू" म्हटलं की गोळा गेला. ते बरं वाटणं हेच टाळण्याचं बक्षीस.

स्मृतीकडे येऊ. शॉर्ट टर्म मेमरीत, म्हणजे थोड्या वेळापुरत्या स्मृतीत, सात गोष्टी मावतात हे वाक्य जॉर्ज मिलरच्या १९५६ च्या लेखातून आलं, नंतर नेल्सन कोवान याने २००१ मध्ये दाखवलं की गोष्टींचे गट पाडायला वाव दिला नाही तर आकडा चारच्या आसपास येतो. यात फार अडकायला नको, सात की चार हे शेवटी "एक गोष्ट" तुम्ही कशाला म्हणता त्यावर आहे.

त्यापेक्षा हेन्री मोलेसनची केस बघा, जो हयात असेपर्यंत पुस्तकांत फक्त एच. एम. या नावाने यायचा. त्याला फेफऱ्याचे फार झटके यायचे म्हणून १९५३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस आणि आजूबाजूचा भाग बऱ्याच प्रमाणात काढून टाकला. झटके कमी झाले, बोलणं, बुद्धी शाबूत, पण नवीन काही लक्षात राहीना, थोड्या वेळापूर्वी भेटलेला माणूस त्याला परत नवा. ब्रेंडा मिलनर या संशोधिकेने त्याला एक काम दिलं, कागदावर दुहेरी रेषेची चांदणी, हात आणि कागद थेट दिसणार नाहीत, फक्त आरशात बघून दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. करून बघा, भयंकर चिडचिड होते, हात उलटाच जातो. मोलेसनच्या पहिल्या दिवशी खूप चुका झाल्या, मग कमी झाल्या, तिसऱ्या दिवशी तो सफाईने काढायला लागला. आणि दर वेळी त्याचं म्हणणं तेच, की हे मी आधी कधी केलेलं नाही.

नुसतं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं "आठवत नाही" आणि विषय संपला असता. चुका मोजल्या म्हणून कळलं की घडलेल्या गोष्टी आठवणं आणि हाताला कौशल्य बसणं या मेंदूच्या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत, एक मोडली तरी दुसरी चालते. स्मृती हा एकच शब्द असला तरी मागे यंत्रणा अनेक आहेत.

बरं, आठवलं तर ते खरं असतं का? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्यांचा वेग किती होता? प्रश्नात फक्त एक क्रियापद बदललं. जोरात आदळल्या असं विचारलेल्यांनी सरासरी ताशी साधारण ४१ मैल सांगितला, नुसत्या एकमेकींना लागल्या असं विचारलेल्यांनी साधारण ३२. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? काचा फिल्ममध्ये नव्हत्याच. तरी "आदळल्या" ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना त्या दिसल्याचं आठवत होतं, वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० पैकी फक्त ६ जणांना. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारला यावर त्याची साक्ष बदलू शकते, आणि तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवत असतं.

आता एवढं सगळं वाचून प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द असं वाटायला नको. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्राच्या नामांकित नियतकालिकांतले १०० अभ्यास परत करून बघितले. मूळ अभ्यासांत ९७ टक्के निकाल सांख्यिकीच्या कसोटीवर उतरलेले, परत केल्यावर ३६ टक्केच उतरले. यावरून मानसशास्त्र बकवास आहे म्हणणारे पण खूप भेटतात, मला ते पटत नाही. परत करून बघणं आणि नापास झालेलंही छापणं, हे काम त्याच क्षेत्रातल्या लोकांनी केलंय.

कधी कधी तर स्वतःचंच उलटवतात. १९६७ मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला शॉक बसायचा पण डोक्याने पॅनेल दाबलं की थांबायचा, दुसऱ्याला तितकाच शॉक पण थांबवणं हातात नाही, तिसऱ्याला काहीच नाही. नंतर सगळ्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे छोटा अडथळा ओलांडला की सुटका. दुसऱ्या गटातले बरेच कुत्रे ओलांडायचा प्रयत्नच करेनात, शॉक सोसत बसून राहिले. याला नाव पडलं लर्न्ड हेल्पलेसनेस, म्हणजे आपलं काही चालत नाही हे ते शिकले, आणि नैराश्यावरच्या पुस्तकांत हे नाव कायमचं जाऊन बसलं.

मग मायर उंदरांच्या मेंदूवर काम करत राहिला आणि २०१६ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं की आपण ते उलटं समजलो होतो. बराच वेळ त्रास होत राहिला की गप्प पडून राहणं ही मेंदूची आपोआप येणारी प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावं लागतं ते "हे माझ्या हातात आहे" हे, आणि ते एकदा शिकलं की मेंदूचा पुढचा भाग खालच्या भागातली ती आपोआपची प्रतिक्रिया दाबून धरतो. तुलनेपुरता ठेवलेला पॅनेलवाला गटच खरं तर काहीतरी शिकला होता, आणि ज्या प्राण्यांना आधी असा शॉक थांबवता आलाय त्यांना नंतर न थांबवता येणारे शॉक दिले, तरी ते सहसा पडून राहत नाहीत.